एलडॅपसर्च

एलडॅप (नेटवर्कवरच्या निर्देशिकेतून माणसांच्या वगैरे नोंदी मागण्याची प्रमाण पद्धत) वापरणाऱ्या निर्देशिकेतील नोंदी टर्मिनलवरून शोधण्याची आज्ञा. ती ओपनएलडॅप या मुक्त सॉफ्टवेअरसोबत येते. एलडॅपचा उगम मिशिगन विद्यापीठातला. त्याचे पहिले तपशीलपत्र १९९३चे. साधी जोडणी ३८९ क्रमांकाच्या पोर्टवर होते, टीएलएसने (सांकेतिक आवरणाने) झाकलेली ६३६वर.

'-एक्स' म्हणजे साधी ओळखपडताळणी, मोठा 'डी' म्हणजे कोणाच्या नावाने, लहान 'बी' म्हणजे निर्देशिकेच्या झाडातल्या कोणत्या फांदीखाली शोधायचे. पासवर्डसाठी मोठा 'डब्ल्यू' द्यावा, तो विचारून घेतो. लहान 'डब्ल्यू'पुढे लिहिलेला पासवर्ड शेलच्या (टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामच्या) इतिहासात पडून राहतो. शेवटी गाळणी, म्हणजे शोधाची अट, एकेरी अवतरणातच ('एल' म्हणजे गावाचे नाव):

'(|(एल=पणजी)(एल=पंजीम))'

अवतरण विसरले तर शेल कंसावरच अडतो आणि सर्व्हरपर्यंत काहीच पोचत नाही.

वरची उभी रेघ म्हणजे 'किंवा'. गोव्यात तिच्याशिवाय भागत नाही, कारण एकाच गावाची रोमी स्पेलिंगे दोन-दोन. आडनावांचेही तेच: कुठे नाईकच्या शेवटी नुसता 'के', तर पोर्तुगीज कागदांवरून चढवलेल्या नोंदीत 'क्यूयूई'. पहिली तीन अक्षरे एन-ए-आय देऊन पुढे तारा लावला की दोन्ही सापडतात. (नाईक इतके, की यादी लांबणारच.) लहान-मोठ्या लिपीचा फरक नाव-आडनावाच्या शोधात धरला जात नाही.

काहीच न सापडणे ही चूक मानली जात नाही: निकाल ० येतो आणि यादी रिकामी. ३२ आला तर बहुधा 'बी'पुढची फांदी चुकली; पण वाचण्याचा अधिकार नसला तरी सर्व्हर ३२ देऊ शकतो, म्हणून नोंद नाहीच असे लगेच धरू नये. ४९ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा. ४ म्हणजे यादी मर्यादेवर तुटली. ओपनएलडॅपची मूळ मर्यादा ५०० नोंदींची.

देवनागरीत भरलेले नाव पडद्यावर वाचता येत नाही. गुणनामापुढे ('एल'सारख्या रकान्याच्या नावापुढे) एकाऐवजी दोन कोलन (::) येतात आणि त्यांच्यामागे बेस६४मधली (साध्या रोमी अक्षर-अंकांत बदललेली) मजकुराची माळ. देवनागरी अक्षराने सुरू होणारे जवळजवळ प्रत्येक नाव तिथे '४केएस' असेच सुरू होते ('ॲ'ने सुरू होणारे मात्र '४केडब्ल्यू'), त्यावरून ओळखावे. ती माळ 'बेस६४ -डी'ला दिली की नाव उलगडते. लांब ओळ मात्र मध्येच मोडून पुढची एका रिकाम्या जागेने सुरू होते. अर्धीच उचलली तर नावही अर्धेच निघते. '-ओ एलडिफ-रॅप=नो' दिल्यास ओळ मोडत नाही.