पित्ताशयाला सूज: आधी उतरू द्यायची की लगेच ऑपरेशन?

पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया १८८२ साली बर्लिनमध्ये झाली. त्याआधी शल्यचिकित्सक पिशवी उघडून फक्त खडे काढत, आणि पिशवी जागेवर असल्याने खडे पुन्हा होत. खडे विरघळवणाऱ्या गोळ्या आणि बाहेरून ध्वनिलहरींचा मारा हे १९७०-८०च्या दशकांतले उपायही याच कारणाने मागे पडले.

जेवणानंतर उठणारी कळ काही तासांत ओसरते, तोवर प्रश्न सोपा असतो: सवडीने तारीख घ्या. खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकून बसला, ताप आला, उजव्या बरगडीखाली हात लावू देईना, की खरा वाद सुरू होतो. 'सलाईन, अँटिबायोटिक्स, सूज उतरली की सहा आठवड्यांनी या' हा सल्ला आजही सर्रास मिळतो. तो आला कुठून?

पोट उघडून ऑपरेशन व्हायचे त्या काळातच, १९८०च्या सुमारास, चाचण्यांनी दाखवले होते की सूज असताना, रुग्ण दाखल असतानाच पित्ताशय काढणे सुरक्षित आहे. मग छोट्या छेदांतून दुर्बीण घालून ऑपरेशन करण्याची पद्धत आली: १९८५ मध्ये जर्मनीत, १९९० मध्ये मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात. नव्या तंत्रात हात बसेपर्यंत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण वाढले आणि सुजलेले पित्ताशय दुर्बिणीसाठी वर्ज्य ठरले. निकाली निघालेला प्रश्न असा पुन्हा उघडला. त्या वेळची सावधगिरी रास्त होती. ती पुढेही टिकली त्यात मात्र ऑपरेशन थिएटरच्या वेळापत्रकाचा वाटा मोठा असावा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत ऊतींमध्ये पाणी भरलेले असते, त्यामुळे पित्ताशय यकृतापासून तुलनेने सहज सुटते. नंतर ते चिकटत जाते. थांबल्याने ही चिकटण दरवेळी जाते असे नाही, आणि दरम्यान साधारण सहापैकी एकाला पुन्हा त्रास होऊन किंवा सूज न उतरल्याने घाईचे ऑपरेशन करावे लागते. खडा मुख्य नलिकेत घसरला तर कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज, हेही आहेच.

२००७ च्या टोकियो मार्गदर्शक सूचनांत (पित्ताशयाच्या सुजेवर उपचार कसे करावेत याबाबत तज्ज्ञांनी ठरवलेल्या) लवकर ऑपरेशनचा कल स्पष्ट झाला. त्रास सुरू झाल्यापासून '७२ तासांच्या आत' ही मर्यादा याच काळात रुळली. २०१३ मध्ये जर्मनीतल्या ६०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत दाखल झाल्यापासून २४ तासांत ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, थांबवलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना. रुग्णालयातला मुक्कामही जवळपास निम्मा. २०१८ च्या टोकियो सूचनांनी तर तासांची अटच सैल केली: रुग्णाला भूल झेपत असेल तर उशिरा आला म्हणून परत पाठवू नका.

वयस्कर, हृदयविकाराच्या रुग्णांना पित्ताशयात नळी घालून पू काढण्याचा मार्ग सुरक्षित मानला जाई. त्याच वर्षीच्या नेदरलँड्समधल्या चाचणीत अशा जोखमीच्या रुग्णांतही मोठी गुंतागुंत दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर १२ टक्के, तर नळीनंतर ६५ टक्के निघाली. मृत्यूंच्या प्रमाणात फरक नव्हता. नळी आता मुख्यतः ज्यांना भूल सोसवणारच नाही त्यांच्यासाठी राखली जाते.