कूलर वाचकांना लावा, पुस्तकांना नको

विदर्भात कापसाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, एखादी बंद पडलेली जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी गिरणी, दिसतेच. विटांच्या जाड भिंती, वर टिनाचं उंच शेड, कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या राहतील एवढं आवार. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर कापूस वाहायला शकुंतला ही छोटी रेल्वे धावू लागली आणि रुळांच्या आसऱ्यानं जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. त्यातली एखादी इमारत दुरुस्त करून गावाचं सार्वजनिक वाचनालय करावं, ही कल्पना मला मनापासून आवडते. नेदरलँड्समधलं टिलबर्ग हे असंच जुन्या कापडगिरण्यांचं शहर. तिथली १९३२ सालची रेल्वे इंजिनांची शेड २०१९ मध्ये वाचनालय म्हणून खुली झाली आणि त्याच वर्षी जागतिक वास्तुकला महोत्सवात वर्षातली सर्वोत्तम इमारत ठरली.

आपल्याकडे मात्र असा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "कूलर किती लागतील?" ४५ अंशांचं ऊन सोसणाऱ्या माणसाला तो सुचणारच. त्यामागचा समज असा, की उन्हाळ्यानं पुस्तकं खराब होतात आणि जागा थंड ठेवली की ती टिकतात. माणसांपुरतं हे खरं आहे. पुस्तकांच्या बाबतीत बरोबर उलटं घडू शकतं, आणि ते का घडतं याचं उत्तर कापूस विकलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला अर्धं माहीत आहे.

सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर कापसात यंत्र खुपसून ओलावा बघतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यापुढे कापूस परत. हा ओलावा हाताला लागत नाही. कोरडा वाटणारा कापूससुद्धा आपल्या वजनातले काही टक्के पाणी बाळगून असतो. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि कागदही मुख्यतः सेल्युलोजच. म्हणजे ज्या आवारात कापसाच्या ओलाव्यावरून वाद झाले, तिथंच आता त्याच पदार्थाची पानं कपाटात लावायची आहेत.

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी. साखळीच्या प्रत्येक कडीवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या तीन जोड्या असतात आणि पाण्याच्या रेणूला त्या हायड्रोजन बंधानं धरून ठेवतात. तंतूच्या काही भागात साखळ्या इतक्या शिस्तीत रचलेल्या असतात की पाण्याला आत शिरता येत नाही. जिथं रचना विस्कळीत आहे तिथं पाणी शिरतं. किती शिरणार, हे हवेतल्या सापेक्ष आर्द्रतेवर ठरतं, म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे यावर. आर्द्रता २० टक्के असेल तर कागदात सुमारे ४ टक्के पाणी असतं, ५० टक्क्यांना सुमारे ७, आणि ८० टक्क्यांना ११ च्या आसपास.

आता कूलर बघा. मे महिन्यातली दुपार, बाहेर ४२ अंश, आर्द्रता १५ टक्के. ओल्या ताट्यांमधून ही हवा ओढली की पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच जाते. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं. चांगल्या कूलरमधून बाहेर पडणारी हवा साधारण २६ अंशांची असते, पण तिची आर्द्रता आता ७० टक्क्यांच्या घरात गेलेली असते. सतत ६५-७० टक्क्यांच्या वर आर्द्रता राहिली की कागदावर बुरशी धरू लागते, कसरही ओलीतच फोफावते. म्हणजे वर्षातल्या सर्वात कोरड्या महिन्यात आपण पैसे खर्चून पुस्तकांना श्रावणातली हवा देतो. शिवाय दिवसा कूलर चालू आणि रात्री बंद, त्यामुळे पानं रोज फुगतात आणि रोज आकसतात. तंतू रुंदीत फुगतो तेवढा लांबीत फुगत नाही. पानाच्या एका दिशेला ताण जास्त येतो, पानं लाटांसारखी होतात आणि बांधणी सैल पडते.

पुढचा भाग थोडा अवघड आहे, पण सगळी गंमत तिथंच आहे. कागद ओला होताना ज्या वाटेनं जातो, त्याच वाटेनं वाळत नाही. ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत कोरडा कागद ठेवला आणि शेजारी पावसाळ्यात ओलावलेला कागद ठेवला, तर दोन्ही स्थिरावल्यावरही दुसऱ्यात पाणी जास्त सापडतं. कारण असं की कागद पुरता वाळतो तेव्हा शेजारशेजारच्या साखळ्या पाण्याऐवजी एकमेकींना बंध घालतात. पुन्हा पाणी आलं तरी ते सगळे बंध लगेच सुटत नाहीत, म्हणून पाण्याला बसायला जागा कमी उरते. ओल्या कागदात त्याच जागा पाण्यानं आधीच अडवलेल्या असतात. विज्ञानात याला हिस्टेरेसिस म्हणतात. तात्पर्य एवढंच, की हवा तीच असली तरी कागदातलं पाणी त्याच्या इतिहासावरही ठरतं.

याच्या जोडीला एक हिशेब मांडू. २० मीटर लांब, १० मीटर रुंद, ५ मीटर उंच खोली म्हणजे १००० घनमीटर हवा. ३० अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ धरते. भर पावसाळ्यात ८५ टक्के आर्द्रता धरली तर सगळ्या खोलीत मिळून २६ किलो पाणी झालं. आता त्या खोलीत १०,००० पुस्तकं ठेवा, प्रत्येकी ३०० ग्रॅमची. तीन टन कागद. तो ४ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर जायचा तर १८० किलो पाणी लागेल. हवेत आहे त्याच्या सातपट! म्हणजे खोली नीट बंद असेल तर हवेचा ओलावा पुस्तकंच शोषून घेतात आणि आर्द्रता फार वर जाऊ देत नाहीत. बाहेरची हवा सतत आत येत राहिली तर काही दिवसांत कडेची पानं ओलावतात, अन्यथा अख्खा पावसाळा निघून जातो. घट्ट लावलेल्या पुस्तकांच्या फक्त कडा उघड्या असतात, म्हणून ती आणखी सावकाश ओलावतात. पोथ्या आणि दफ्तरं सुती रुमालात बांधून ठेवण्याच्या जुन्या पद्धतीतही हेच घडत होतं. कापड आधी ओलावा घेई, कागदाकडे तो उशिरा पोचे.

मग बंद जिनिंगचं काय करायचं? आधी हे लक्षात घ्यायला हवं की तिचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत संपायचा. ज्या शेडमध्ये यंत्रं चालत, तिला पावसाळ्यात काही जपायचंच नव्हतं. उंच छत आणि चहूबाजूंनी खेळती हवा ही कापसाची धूळ आणि यंत्रांची उष्णता बाहेर काढण्यासाठी होती. तेव्हा मोठी शेड वाचकांना द्यावी. तिथं कूलर लावावेत, समोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, स्पर्धा परीक्षेची पोरं दिवसभर बसतील असं करावं. टिनाला बाहेरून पांढरा चुना द्यावा. चुना ऊन परतवतो आणि तापलेल्या टिनातली उष्णता आकाशाकडे सोडतोही. कोरं चकचकीत टिन हे दुसरं काम नीट करत नाही, म्हणून ते जास्त तापतं.

पुस्तकांना मात्र आवारातलं जाड भिंतींचं, कमी खिडक्यांचं गोदाम द्यावं. तिथं कूलर नको. दारं घट्ट बसणारी हवीत आणि टिनाखाली वेगळं छत हवं, कारण हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री टिन हवेपेक्षाही गार होतं आणि त्याच्या खालच्या बाजूला दव धरून ते टपकतं. भिंतीला जमिनीतून ओल चढत असेल तर ती आधी थांबवावी, नाहीतर बंद खोलीचा सगळा फायदा उलटतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नये, तो ओल आत कोंडतो. चुन्याचा गिलावा भिंतीला वाळू देतो. कपाटं भिंतीला टेकवू नयेत.

वजनाची काळजी तळमजल्यावर फारशी नाही. पुस्तकांच्या कपाटांसाठी भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे ६०० किलो भार धरतात, घरासाठी धरतात त्याच्या तिप्पट. कापसाच्या १७० किलोच्या गाठींच्या थप्प्या पेललेल्या गोदामाला तो नवा नाही. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया आणि भिंतींचे तडे मात्र अभियंत्याकडून तपासून घ्यावेत.

आणखी एक. बंद जिनिंगमध्ये रात्री आवाज येतात, तिथं काहीतरी आहे, असं गावोगाव सांगतात. आवाज येतात हे खरं आहे. दिवसा तापलेलं टिन रात्री आकसतं. ३० मीटर लांबीचं लोखंडी छप्पर ३० अंशांनी थंड झालं तर एक सेंटिमीटरहून थोडं जास्त आखडतं, आणि गंजलेल्या खिळ्यांशी अडून अडून सरकताना कडाड वाजतं. लेकरांना संध्याकाळी तिथं पाठवायला भिणाऱ्या आईबापांना हे समजावून सांगणं वाचनालयाच्या कामाचाच भाग आहे. ओलाव्यावर उपाय म्हणून कपाटात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकायला सांगणाऱ्यांनाही वरचा १८० किलोंचा हिशेब दाखवावा. चिमूटभर पुड्या तेवढं पाणी कुठून शोषणार?

राहिला प्रश्न पुस्तकं कधी हलवायची याचा. १२ ऑगस्ट हा भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा जन्मदिवस, ग्रंथपाल दिन, आणि तीन दिवसांनी १५ ऑगस्ट. उद्घाटनाला याहून चांगला मुहूर्त कोणाला सुचणार? उद्घाटन खुशाल तेव्हा करावं, पण पुस्तकं एप्रिल-मेमध्येच आत जायला हवीत. तेव्हा कागद वर्षातला सर्वात कोरडा असतो, आणि हिस्टेरेसिसमुळे पुढे आर्द्रता वाढली तरी तो ओल्या कागदापेक्षा कमी पाणी घेतो. नवतपा संपता संपता कपाटं भरून, मृगाच्या आधी दारं बंद करावीत. शंभर-दोनशे रुपयांपासून मिळणारा आर्द्रतामापक दोन पुस्तकांच्या मध्ये ठेवावा, भिंतीवर टांगू नये. ६५ च्या वर आकडा टिकून राहिला, तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आहे अशा दुपारी तेवढ्यापुरतं दार उघडावं.