शिक्क्यावरचं साल

पावणेचार इंची जी. आय. जो या अमेरिकी फौजी खेळण्याच्या कमरेमागे बारीक अक्षरांत एक साल उठवलेलं असतं. जळगाव-भुसावळकडे जुन्या खेळण्यांच्या सौद्यात जी वादावादी होते, ती बहुतेक या सालावरून. विकणारा बोट ठेवून दाखवतो : १९८५ लिहिलंय, तसा भाव द्या. घेणारा म्हणतो, माल इथला आहे, तो १९८५चा असूच शकत नाही. गंमत अशी की शिक्का खोटा नसतो आणि घेणाऱ्याचं म्हणणंही खरं असतं.

मूळ खेळणं अमेरिकेत १९६४ मध्ये आलं, तेव्हा ते बारा इंची होतं आणि त्याला कापडी गणवेश होता. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत म्हणून त्याला ‘अ‍ॅक्शन फिगर’ असं नवं नाव दिलं गेलं. पुढे जकातीचा प्रश्न आला तेव्हा तिथल्या न्यायालयाने १९८९ मध्ये ही बाहुलीच आहे असं ठरवलं. १९८२ मध्ये तोच फौजी पावणेचार इंचांचा होऊन परतला आणि त्याच वर्षी साडेपाच इंची ही-मॅन हा पिळदार योद्धा बाजारात आला. आपल्याकडे जी शोधाशोध चालते ती मुख्यतः या दोघांची.

परदेशी खेळणी तेव्हा इथे सरळ आयात होत नव्हती. एका भारतीय टायर कंपनीने अमेरिकी खेळणी कंपनीला भागीदार करून १९८७ मध्ये नवी कंपनी काढली, गोव्यात कारखाना घातला. सूटकेससाठी ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका उद्योगाने ही-मॅन इथे बनवला. साचे तिकडून यायचे, आणि तेही तिकडचं उत्पादन उरकल्यावर. साच्यात कोरलेलं साल हे त्या शिल्पाच्या हक्काचं, म्हणजे कॉपीराइटचं साल असतं. प्लास्टिक कधी ओतलं, हे ते सांगत नाही. १९८५चा साचा इथे १९९२ मध्ये चालला, तरी फौजीच्या कमरेवर १९८५च उमटणार. ही-मॅनच्या पाठीवरचं १९८१ तर तो बाजारात येण्याच्याही आधीचं आहे.

मग व्हिंटेज, म्हणजे जुनं म्हणून मोलाचं, कशाला म्हणायचं? एक बाजू म्हणते, साचा जुना म्हणजे वस्तू जुनी. दुसरी म्हणते, इथला माल नंतरचा, म्हणून दुय्यम. मला दोन्ही पटत नाही. इथल्या कारखान्यात रंग बदलले, पँटचा रंग अंगरख्याला गेला, तिकडे कधीच न निघालेल्या रंगसंगती तयार झाल्या. परदेशातले संग्राहक आज याच कारणासाठी भारतीय माल मागतात. त्याचं वय त्याच्या स्वतःच्या ओतणीपासून मोजलं पाहिजे, आणि तसं मोजलं तरी तो आता पंचवीस-तीस वर्षांचा आहे. हे मोजायला खरा आधार असतो पाकिटाच्या मागच्या पुठ्ठ्याचा. १९७७च्या नियमांनुसार बंद पाकिटावर महिना, वर्ष आणि रुपयांतली किंमत छापावी लागे. पण पुठ्ठा घरी आल्या दिवशीच चुलीत किंवा रद्दीत जायचा. म्हणून फाटका असला तरी पुठ्ठा टाकू नका, असं मी प्रत्येक दुकानदाराला सांगतो.

खानदेशात फक्त जुनी खेळणी विकणारं दुकान असं क्वचितच. माल सापडतो तो जुन्या पुस्तकांच्या दुकानात वह्यांच्या गठ्ठ्यामागे, भंगारवाल्याच्या गोणीत, आणि तालुक्याच्या गावी जनरल स्टोअर्सच्या माळ्यावर, जिथे क्रॉफर्ड मार्केटहून आणलेला माल ‘उठला नाही’ म्हणून पडून आहे. भुसावळचा भाग वेगळा. रेल्वेच्या आणि ऑर्डनन्सच्या वसाहतींत बदल्या होत राहतात, आणि सामान बांधताना मुलांची खोकी आधी निघतात.

धुळ्यात एका भंगाराच्या दुकानात मी स्क्रूच्या डब्यातून फौजीचं धड काढलं तेव्हा दुकानदार म्हणाले, “ते तुटेल शे भाऊ.” तुटलेलं नव्हतं. या फौजीच्या पोटात एक काळं रबरी कडं असतं. पाय एका धातूच्या आकड्याने त्यात अडकतात आणि पाठीतला एकच स्क्रू सगळं धरून ठेवतो. आपल्याकडचा वैशाख पंचेचाळीस अंशांचा. पत्र्याखाली वीस उन्हाळे काढल्यावर ते रबर चिकट होतं, मग चिरतं, आणि फौजी कमरेत दोन तुकडे होऊन पडतो. पाय त्याच डब्याच्या तळाशी सापडले. त्याच मापाचं नवं कडं टाकलं, स्क्रू हलक्या हाताने पिळला, आणि तो उभा राहिला. स्क्रू जोरात पिळला तर मात्र पाठ चिरते. अंगठा मोडला असेल तर इलाज नाही. किती फौजी निव्वळ या कड्यापायी भंगारात गेले असतील, याची मला फार हळहळ वाटते.

१ एप्रिल २००१ला आयातीवरची उरलेली परिमाण बंधनं, म्हणजे किती माल आणायचा यावरच्या मर्यादा, उठली आणि पाठोपाठ चिनी खेळण्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेपासून जळगावच्या फुले मार्केटपर्यंत सगळं व्यापलं. पावणेचार इंची माल मागे सरकला. २००९ मध्ये चिनी खेळण्यांवर काही महिने बंदी आली. २०२० मध्ये आयातशुल्क वीसवरून साठ टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये सत्तरवर. बाहेरून मागवणं परवडेना, तसे पुण्या-मुंबईचे लोक इथल्या माळ्यांची चौकशी करू लागले. दुकानदार मोबाइलवर शिक्क्याचं साल टाकून तिकडचा भाव बघतात तो तेव्हापासून, आणि वाद तिथूनच पेटतो.

१ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला. मुलांच्या सुरक्षेसाठी तो हवाच होता. पण पडून असलेल्या जुन्या मालाचं काय करायचं हे छोट्या दुकानदाराला कुणी नीट समजावलं नाही. झडतीच्या धास्तीने माझ्या ओळखीच्या दोघांनी बिनशिक्क्याचा सगळा माल एकदम काढून टाकला, न उघडलेल्या पुठ्ठ्यांसकट. कमरेवर १९८५ असलेले ते फौजी किलोच्या भावाने गेले, वितळवून प्लास्टिकचा दाणा करायला.