बेंड्स वेगळे, एअर एम्बोलिझम वेगळं: मालवण-तारकर्लीत स्कुबा करणाऱ्यांसाठी

मालवणात किंवा तारकर्लीत स्कुबा करून वर आलेल्या कुणाला गरगरलं, हात बधिर झाला, बोलताना जीभ अडखळायला लागली की होडीतला कुणीतरी जाणकार लगेच सांगतो, याला बेंड्स झाले. यूट्यूबच्या कृपेने हा एक शब्द आता सगळ्यांना माहीत झालाय. पण पाण्याखालून वर येताना हवेमुळे होणारे मोठे घोटाळे दोन आहेत, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला वीस-पंचवीस फुटांवर मासे बघायला उतरणाऱ्या पर्यटकाने ज्याला घाबरायला हवं तो बेंड्स नव्हेच, दुसरा आहे, ज्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

आधी बेंड्स. पाण्यात दर १० मीटरला हवेच्या एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर दुप्पट, ३० मीटरवर चौपट. त्या दाबाची हवा श्वासातून घेत राहिलं की त्यातला नायट्रोजन, जो एरवी नुसता आत जाऊन बाहेर येतो, तो रक्तात, चरबीत, सांध्यांच्या आसपास, मज्जारज्जूत विरघळत जातो. जितकं खोल आणि जितका जास्त वेळ, तितका जास्त. वर येताना तो तसाच हळूहळू फुफ्फुसातून निघून जायला हवा, म्हणून तर मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं वगैरे नियम आहेत. घाई केली की त्याचे जागच्या जागी बुडबुडे होतात. टप्प्याटप्प्याने वर यायची कोष्टकं हाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये छापली, प्रयोग शेळ्यांवर केले होते. आज अमेरिकन नेव्हीच्या टेबलात २० फुटांसाठी वेळेची मर्यादाच दिलेली नाही, इतका तिथे नायट्रोजन कमी साठतो. मग किल्ल्याजवळ अर्धा तास खाली राहिलेल्याला बेंड्स होणं किती दुर्मिळ ते बघा. बेंड्सची काळजी आंग्रिया बँकेला, म्हणजे समुद्रातल्या बुडालेल्या प्रवाळाच्या पठारावर जाणाऱ्यांनी करावी, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, जिथे उथळातलं उथळ म्हणजेच २० मीटरच्या आसपास. आणि दुसरी काळजी आपल्या इथल्या डायव्हिंगच्या पोरांची, जी सीझनमध्ये दिवसभर पर्यटक घेऊन खालीवर करत असतात, त्यांचा हिशेब कोण ठेवतं देव जाणे.

आता दुसरं, एअर एम्बोलिझम. याचा नायट्रोजन विरघळण्याशी काही संबंध नाही, किती वेळ खाली होतात याच्याशीही नाही. खाली सिलिंडरची हवा छातीभर घेतली, घाबरून श्वास धरला आणि तसेच वर आलात, एवढं पुरतं. वेफर्सचं बंद पाकीट गाडीत घेऊन आंबोली घाट चढलात तर वर पोचेपर्यंत ते टम्म फुगतं, आणि तिथे हवेचा दाब जेमतेम आठ टक्के कमी झालेला असतो. १० मीटरवरून वर येताना तो थेट निम्मा होतो. छातीतली हवा दुप्पट व्हायला बघते, फुफ्फुसातल्या बारीक पिशव्या फाटतात, हवा रक्तात शिरते, हृदयाच्या डाव्या बाजूला आणि तिथून सरळ मेंदूकडे. यासाठी खोल जायचीही गरज नाही, छाती पूर्ण भरलेली असेल तर सव्वा मीटर पाणीसुद्धा पुरतं. म्हणजे छातीएवढ्या पाण्यात 'चला जरा सराव करू' म्हणताना पण हे होऊ शकतं. दमा असेल तर धोका जास्त, कारण आकसलेल्या नळ्यांमागे हवा अडकून बसते, म्हणून तो मेडिकल फॉर्म सगळीकडे 'नाही, नाही' अशी टिकमार्क करून परत देऊ नका.

गंमत म्हणजे कोकणातल्या माणसाची सवय इथे उलटीच चालते. आपण पोहायला विहिरीत शिकलो, बुडी मारायची म्हणजे श्वास धरायचा हे अंगात भिनलंय. आणि बुडी मारताना ते बरोबरच आहे, कारण ती हवा वरून घेतलेली असते, खाली गेल्यावर दबते आणि वर आल्यावर होती तेवढीच होते, जास्त नाही. स्कुबात हवा खाली, दाबाखाली घेतलेली असते. सिलिंडर पाठीवर असो की होडीत ठेवून लांब नळी तोंडात दिलेली असो, हिशेब तोच. तरबेज इन्स्ट्रक्टर असेल तर होडीतच दम देतो, 'श्वास धरूचो नाय हां, घेत रवा, सोडत रवा', आणि पर्यटक तेव्हा सेल्फी काढत असतो. सगळ्या ब्रीफिंगमधलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, बाकी हाताच्या खुणा विसरलात तरी तो सांभाळून घेईल.

ओळखायचं कसं तर मुख्यतः घड्याळावरून. एम्बोलिझम वर आल्या आल्या दिसतं, फार तर दहा मिनिटांत: माणूस पाण्यावर येतो आणि शुद्ध हरपते, झटके येतात, एक बाजू लुळी पडते, दिसेनासं होतं, अगदी लकवा मारल्यासारखं. सोबत छातीत दुखणं, थुंकीत रक्त, किंवा मानेजवळच्या कातडीखाली बोटांनी दाबलं तर करकर लागणं. बेंड्स निवांत येतात. निम्म्या लोकांना पहिल्या तासात, बहुतेकांना सहा तासांत. हॉटेलवर येऊन सुरमई थाळी चापून झोपलेला माणूस संध्याकाळी उठतो तो खांदा ठणकतोय म्हणून, मग घरचे म्हणतात सिलिंडर उचलल्याने आखडला असेल, बाम लावतात. अंगावर चट्टे आले तर जेलीफिश, थकवा आला तर ऊन लागलं. पायात मुंग्या, चालताना तोल जाणं, लघवीच न होणं ही मात्र मज्जारज्जूची लक्षणं आहेत, तिथे बाम लावत बसू नका.

पण हे सगळं सांगितलं तरी किनाऱ्यावर निदान करत बसायची गरज नाही, आणि करताही येत नाही. साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयात दोन कप्प्यांमध्ये जन्मापासून बारीक फट राहिलेली असते, तिच्यातून बेंड्सचे बुडबुडे पण धमन्यांत जातात आणि चित्र एम्बोलिझमसारखंच दिसायला लागतं. म्हणून डायव्हिंगचे डॉक्टर दोन्हींची सुरुवात सारखीच करतात: सपाट झोपवा, डोकं खाली पाय वर करू नका (हा जुना सल्ला होता, आता देत नाहीत), आणि लगेच शंभर टक्के ऑक्सिजन, घट्ट मास्क आणि पिशवीवाला, मिनिटाला १५ लिटरने, नाकातल्या बारीक नळीने भागत नाही. इथे अजून एक घोळ होतो. पेपरवाले बिनधास्त लिहितात 'ऑक्सिजन सिलिंडर लावून समुद्रात उतरले', तर पाठीवरच्या त्या सिलिंडरमध्ये साधी दाबलेली हवा असते, ऑक्सिजन एकवीस टक्के. तेव्हा होडीवाल्याला ऑक्सिजन आहे का विचारलं आणि त्याने तेच सिलिंडर दाखवलं तर ते उत्तर 'नाही' असं समजायचं. आणि 'परत खाली नेऊ या, उतरेल' हा उपाय तर अजिबात नको, अर्धवट शुद्धीतला माणूस पाण्यात बुडून जाईल.

ऑक्सिजनने बरं वाटलं तरी काम संपलेलं नसतं. एम्बोलिझमचा माणूस तर कधीकधी दहा मिनिटांत उठून बसतो, 'मला काय झालं' म्हणतो, आणि पुन्हा कोसळतो. खरा उपचार म्हणजे रिकम्प्रेशन चेंबर: जाड पोलादी टाकीत बसवून १८ मीटर पाण्याइतका दाब द्यायचा आणि मधेमधे साध्या हवेचे ब्रेक देत ऑक्सिजन द्यायचा, नेहमीचं उपचाराचं वेळापत्रक, ज्याला टेबल ६ म्हणतात, ते पावणेपाच तासांचं. दाबाने बुडबुडा लहान होतो, ऑक्सिजन त्यातला नायट्रोजन ओढून काढतो. हल्ली शहरात वेलनेसवाले जे चेन लावायचं फुगीर चेंबर विकतात त्यात दाब १.३ वातावरणांपर्यंत, इथे २.८ लागतो, त्यामुळे ते विसरा. मधुमेहाच्या जखमांसाठी हॉस्पिटलांत असतात ती हायपरबॅरिक मशिन्स जास्त जवळची, पण डायव्हरची केस घ्यायला माणसं तयार हवीत. आपल्या बाजूला या विषयातलं जुनं जाणतं ठिकाण म्हणजे नौदलाचं, मुंबईत कुलाब्याचं आयएनएचएस अश्विनी. आधी जवळच्या हॉस्पिटलात छातीचा एक्सरे मात्र हवाच, कारण फुफ्फुसाबाहेर हवा साठलेली असेल आणि ती न काढता चेंबरमध्ये घातलं तर दाब उतरवताना जीवावर बेतेल.

आणि रस्ता. गंभीर पेशंट म्हटला की आपल्याकडे गाडी सवयीने फोंडा नाहीतर करूळ घाट चढून कोल्हापूरला निघते. बुडबुडेवाल्या पेशंटला ते वाईट, वर दाब कमी, बुडबुडा मोठा. गोव्यातल्या बांबोळीच्या मेडिकल कॉलेजचा रस्ता खालून जातो, मुंबई-गोवा हायवेवरचे घाट त्या मानाने बुटके, हेलिकॉप्टर मिळालं तर ३०० मीटरच्या खाली उडवायचं. चिपी विमानतळावरून साध्या विमानाने तर न्यायचंच नाही, केबिनमधला दाब सहा-आठ हजार फुटांवरच्याइतका असतो. (तब्येत ठणठणीत असली तरी एका डाइव्हनंतर १२ तास, जास्त केल्या असतील तर १८ तास विमान नको, आणि आंबोली ६९० मीटर म्हणजे दोन हजार फुटांच्या वर, त्यामुळे डाइव्ह करून लगेच बेळगाव गाठणाऱ्यांनी पण हेच धरावं.)

१०८ बोलवतानाच दुसऱ्या फोनवरून चेंबरवाल्यांना विचारून घ्या, आज चेंबर चालू आहे का, माणूस आहे का, मगच गाडी वळवा. ते विचारणार किती खोल, किती वेळ, वर कसा आला, त्रास किती मिनिटांनी सुरू झाला, तेव्हा या वेळा मोबाईलवर टाइप करून ठेवा. डाइव्ह कॉम्प्युटर असेल तर पेशंटसोबत पाठवा. सोबत उतरलेल्याला पण गाडीत घ्या, तोही तेवढाच खोल गेला होता आणि त्याच वेगाने वर आला असेल तर काही तासांनी त्याचाही खांदा ठणकायला लागू शकतो.