चिक चॉकलेट

चिक चॉकलेट : (१९१६–१९६७). मुंबईतील जॅझ (अमेरिकी कृष्णवर्णीयांमध्ये जन्मलेली संगीतशैली) ट्रंपेटवादक, बँडप्रमुख व हिंदी चित्रपटांचे संगीतकार. ट्रंपेट हे तोंडाने फुंकून वाजवायचे पितळी वाद्य. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म गोव्यातील बार्देश तालुक्यात हळदोणे येथे. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला, समूहगान करायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. वाझ यांचे सुरुवातीचे शिक्षण अशाच शाळेत झाले. पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरणाऱ्या गोवेकर वादकांना ही शिदोरी जन्मभर पुरली. समोर आलेला स्वरलिपीचा कागद ते पाहताक्षणी वाजवू शकत.

जॅझला एवढे पुरत नाही. त्यात लिहिलेल्या सुरावटीपासून सुटून आयत्या वेळी नवे रचावे लागते. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांना ऐकत आणि त्यांच्या शेजारी बसून वाजवत गोवेकर वादकांची एक पिढी तयार झाली. चिक चॉकलेट तिच्यातले सर्वांत लोकप्रिय नाव. अमेरिकेचे विख्यात जॅझ ट्रंपेटवादक व गायक लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत. गातानाचा घोगरा आवाज, हातातला पांढरा रुमाल, ट्रंपेटचा धारदार चढा सूर हे सारे त्यांनी तिथूनच आत्मसात केले, आणि ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ते ओळखले जाऊ लागले. ‘म्युझिक मेकर्स’ या त्यांच्या बँडने मुंबईत आणि उन्हाळ्यात मसुरीला नृत्यरसिकांची गर्दी खेचली. बँडच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या.

त्यांचे अधिक टिकाऊ काम मात्र चित्रपटसंगीतात आहे, आणि आर्मस्ट्राँगशी होणाऱ्या तुलनेत ते झाकले जाते. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, यांचे ते सहायक होते. त्या काळची कामाची वाटणी अशी : संगीतकार पेटीवर चाल बांधी. मग गोवेकर संयोजक ती स्वरलिपीत उतरवून घेई, कोणत्या वाद्याने कुठे शिरायचे हे ठरवी, मुख्य चालीखाली हार्मनी, म्हणजे तिच्यासोबत एकाच वेळी वाजणारे पूरक सूर, रचून प्रत्येक वादकाचा कागद वेगळा लिहून काढी. कडव्यांमधल्या ज्या सुरावटी श्रोते चालीइतक्याच आवडीने गुणगुणतात, त्यांत या मंडळींचा वाटा फार मोठा. श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावे क्वचितच येत. हा अन्यायच होता.

भगवानदादांच्या ‘अलबेला’मध्ये (१९५१) सी. रामचंद्र व चिक ही जोडी ऐन बहरात दिसते. ‘शोला जो भडके’ या गाण्यातील बोंगो (हातांनी वाजवायचे जोडढोल), क्लॅरिनेट व ट्रंपेटची गुंफण आजही ताजी वाटते. याच चित्रपटात ‘दीवाना परवाना’ या गाण्यात झालरीच्या बाह्यांचे लॅटिन धाटणीचे शर्ट घातलेला चिक यांचा बँड पडद्यावरही आहे. हिंदी पडद्यावर खऱ्या जॅझ वादकांना असे समोर आणणारी दृश्ये विरळाच.

स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांनी ‘नादान’ (१९५१), ‘रंगीली’ (१९५२) हे चित्रपट केले. पण त्या वाटेवर त्यांचा जम बसला नाही. ‘आखरी खत’मधील (१९६६) ‘रुत जवाँ जवाँ’ या क्लबमधील गाण्यात भूपिंदर गात असताना ट्रंपेट वाजवताना दिसतात ते चिक चॉकलेटच. पुढच्याच वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.