ई-पुस्तकांचा मेटाडेटा : रूपांतराच्या वेळची नोंद

ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये मजकुरापासून अलग ठेवलेली, पुस्तकाची ओळख सांगणारी माहिती. शीर्षक, लेखक, भाषा, प्रकाशक, वर्ष, ओळखक्रमांक, मालिका, हक्क इ. बाबी तीत येतात. वर्ड, ओपनऑफिस किंवा पीडीएफमधील मजकूर ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-स्वरूपात नेताना ती जुन्या फाइलमधून आपोआप उचलली जाते वा हाताने भरावी लागते. येथील उदाहरणे मुख्यतः सातारा व सांगली जिल्ह्यांशी संबंधित ग्रंथ-लेखकांची आहेत.

पूर्वपीठिका : या पद्धतीचा उगम कोठे धरावा याबद्दल एकवाक्यता नाही. पोथीच्या अखेरीस लेखनिकाचे नाव, शक व तिथी देणारी पुष्पिका हे तिचे आद्य रूप मानण्याचा मोह होतो. परंतु पुष्पिका हा पोथीच्या मजकुराचाच शेवट असतो; मेटाडेटा मजकुराबाहेर आणि यंत्राला वाचता येईल असा असावा लागतो. त्या कसोटीवर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲवरम यांच्या पुढाकाराने १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेली ‘मार्क’ ही तालिकापद्धती अधिक जवळची ठरते. दुसरा पक्ष १९९० च्या सुमारास आकारास आलेल्या टीईआय (टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह) या मजकुराला यंत्रासाठी खुणा घालण्याच्या पद्धतीतील शिरोभागाकडे बोट दाखवतो. तिसरा, ओहायओ राज्यातील डब्लिन येथे १९९५ मध्ये भरलेल्या कार्यशाळेतून निघालेल्या ‘डब्लिन कोर’ या वर्णन-घटकांच्या संचाकडे; त्याचे घटक १५ आहेत. १९९९ च्या ओपन ई-बुक विनिर्देशात (ई-पुस्तकाच्या फाइलीच्या रचनेचे नियम) डब्लिन कोरचे घटक घेतले गेले आणि तेथून ते ईपबमध्ये (२००७) उतरले, एवढे निश्चित. म्हणून औपचारिक वंशावळ डब्लिन कोरपाशीच थांबवणे बरे. मात्र छापील मूळ प्रतीची माहिती आणि संगणकीय प्रतीची माहिती वेगवेगळी ठेवण्याची टीईआयची शिस्त ईपबने पुरती घेतली नाही, आणि जुन्या मराठी ग्रंथांच्या बाबतीत ती उणीव भासते. ‘स्रोत’ हा घटक त्यासाठी हाताशी आहे. रूपांतर करणारे तो बहुधा कोरा सोडतात.

स्वरूप : ईपब ही प्रत्यक्षात एक झिप पेटी असून तीतील ‘पॅकेज’ नावाच्या एक्सएमएल (खुणांनी बांधलेल्या मजकुराच्या) फाइलमध्ये मेटाडेटा असतो. ओळखक्रमांक, शीर्षक व भाषा हे तीन घटक अनिवार्य आहेत. ईपब ३ पासून (२०११) शेवटच्या बदलाची तारीखही लागते. बाकी सारे ऐच्छिक.

आपोआप येणारी माहिती : रूपांतरासाठी कॅलिबर (२००६ मध्ये वेगळ्या नावाने आरंभ) व पॅनडॉक ही मुक्त साधने वापरात आहेत. कॅलिबर जुन्या फाइलचे गुणधर्म वाचते, पण ते गुणधर्म पुस्तकाचे नसून बहुधा ती फाइल बनवणाऱ्या संगणकाचे असतात. अक्षरजुळणी झालेल्या वर्ड फाइलमध्ये लेखकाच्या जागी ‘ॲडमिन’ आणि तिच्यापासून केलेल्या पीडीएफच्या शीर्षकात ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड - प्रकरण १ फायनल’ असे सापडणे नित्याचे आहे. स्कॅनरने दिलेल्या फाइलीला तर नुसता अनुक्रमांक असतो. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत जुळवलेल्या पुस्तकांचा घोटाळा आणखी वेगळा आहे. मजकूर परिवर्तकातून युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतात येतो, गुणधर्मांच्या कप्प्याला मात्र परिवर्तक हात लावत नाही आणि शीर्षक रोमन अक्षरांच्या खिचडीच्या रूपात ई-पुस्तकात जाते. सबब फाइलमधून आलेली नोंद पुसून ती शीर्षकपृष्ठावरून नव्याने भरणे श्रेयस्कर. कॅलिबरमध्ये केलेली दुरुस्ती आधी त्याच्या स्वतःच्या संग्रहात राहते. पुस्तक बाहेर काढताना, रूपांतर करताना किंवा माहिती फाइलमध्ये उतरवण्याची आज्ञा दिल्यावरच ती फाइलमध्ये जाते.

नावे : वर्गीकरणासाठी आडनाव आधी घेण्याचे काम कॅलिबर शेवटचा शब्द उचलून करते. ‘वि. स. खांडेकर’ (जन्म सांगली, १८९८) या नावाचे त्यामुळे ‘खांडेकर, वि. स.’ असे ठीक होते. ‘रामदास स्वामी’चे मात्र ‘स्वामी, रामदास’ होते आणि सज्जनगडचे समर्थ यादीत ‘स’खाली जातात. ‘तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी’मध्ये आडनाव पुढे येते, पण पदवी नावात मिसळते. चाफळचे कवी यशवंत यांना आडनावच लावले जात नाही, तेव्हा तेथे काही करावे लागत नाही. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या बाबतीत ‘अण्णा भाऊ’ आणि ‘अण्णाभाऊ’ अशा दोन नोंदी पडल्या, की यंत्र दोन लेखक मानते. ‘ॲ’ची अडचण याहून सूक्ष्म आहे : हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आले, त्यामुळे ‘अ’ला अर्धचंद्र जोडून लिहिलेले जुने रूप दिसायला तसेच असूनही शोधात जुळत नाही.

काल : शकात वर्ष दिलेल्या ग्रंथांत नेहमी चूक होते. शके १७९५ म्हणजे मार्च १८७३ ते मार्च १८७४. म्हणून ७८ मिळवून येणारे वर्ष चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच बरोबर असते, जानेवारी ते फाल्गुन ७९ मिळवावे लागतात. महिना दिला नसल्यास तारखेच्या जागी १८७३ लिहून मूळ शक ‘वर्णन’ या घटकात तसाच ठेवावा. मिरजेत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या गीतेला सामान्यतः १८०५ हे वर्ष दिले जाते. अशा ठिकाणी ‘सुमारे’ हा शब्द तारखेच्या जागी बसत नाही, तोही वर्णनातच जातो.

भाषा : मराठीचा संकेत ‘एमआर’. वर्डमधून बऱ्याचदा अमेरिकन इंग्रजीचा संकेत येतो आणि मग वाचून दाखवणारे यंत्र चुकीचा आवाज निवडू शकते. पॅकेजमधील भाषा बदलली तरी प्रकरणांच्या फाइलींत ती वेगळी नोंदवावी लागते. काही फाँट तिच्यावरूनच ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे दाखवतात.

खंड व नियतकालिके : वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशासारख्या बहुखंडी ग्रंथात खंडक्रमांक शीर्षकात न घालता मालिकेतील स्थान म्हणून द्यावा. किर्लोस्करवाडीहून १९२० पासून निघालेल्या मासिकासारख्या नियतकालिकांना हाच नियम लावता येतो. दिवाळी अंकावर क्रमांक नसेल, तर कॅलिबर मालिकेत अपूर्णांक चालवते, जसे १०.५.