रॅफल्स हॉटेल, सिंगापूर

रॅफल्स हॉटेल हे सिंगापूरच्या बीच रोडवरचं जुनं हॉटेल, १ डिसेंबर १८८७ ला सुरू झालं अन् अजून चालू आहे. आपल्याकडे यवतमाळ-वाशिमच्या बाजूला हॉटेल म्हटलं की बसस्टँडसमोरची भट्टी, कढईत आलूबोंडे, पोह्यावर तर्री, अन् गल्ल्यावर आजोबाच्या काळात राजस्थानातून आलेल्या घरातला माणूस. राहायची सोय असली तर त्याला आपण लॉज म्हणतो, तर त्या हिशोबानं रॅफल्स म्हणजे लॉजच, फक्त लय मोठा. पण गल्ल्यावरच्या माणसाची गोष्ट मात्र दोन्हीकडे बरीच सारखी निघते.

नाव इंग्रजाचं आहे. स्टॅमफर्ड रॅफल्सनं १८१९ मध्ये सिंगापुरात ईस्ट इंडिया कंपनीचं ठाणं बसवलं, पण हॉटेलशी त्याचा काही संबंध नाही, तो १८२६ मध्येच वारला होता. हॉटेल काढलं सार्कीस भावांनी. मार्टिन, टिग्रान, अवीत अन् अर्शाक असे चौघं, वंशानं आर्मेनियन, गाव इराणातल्या इस्फहानचं न्यू जुल्फा. हे न्यू जुल्फाही त्यांच्या लोकांचं मूळ गाव नाही, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शाह अब्बासनं आर्मेनियन लोकांना जुन्या जुल्फातून उठवून इथं आणून बसवलं, म्हणजे हे लोक एकदा उखडलेलेच होते. तिथून ते व्यापाराच्या मागं सुरत, कलकत्ता, रंगून, पेनांग (आजच्या मलेशियातलं), जावा असे पसरत गेले. सिंगापुरात मूठभरच होते, तरी १८३५ मध्ये त्यांनी स्वतःचं चर्च बांधलं, आणि आज देशाचं फूल म्हणून मिरवतं ते ऑर्किड एका आर्मेनियन बाईच्या नावानं ओळखलं जातं.

सार्कीसांचं पहिलं हॉटेल सिंगापुरात नाही, पेनांगला. १८८४ मध्ये ईस्टर्न, पुढच्या वर्षी ओरिएंटल, नंतर दोन्ही मिळून ईस्टर्न अँड ओरिएंटल झालं. रंगूनचं स्ट्रँड १९०१ चं, तेही यांचंच. सिंगापुरात त्यांनी बीच रोडवरचा एक जुना बंगला घेतला, घेतला म्हणजे मक्त्यानं घेतला, जागा अलसगॉफ नावाच्या अरब व्यापारी घराण्याची होती आणि ते घराणंही मूळ येमेनकडून आलेलं. म्हणजे मालक अरब, चालवणारा आर्मेनियन, नाव इंग्रजाचं, अन् खाली राबणारे बरेच चिनी! सुरुवातीला खोल्या दहाच होत्या. समोर तेव्हा खरंच समुद्र होता, पुढं भराव टाकत टाकत तो लांब सरकला आणि रस्त्याच्या नावात तेवढा बीच राहिला.

धंदा वाढत गेला तशा बाजूला इमारती उठल्या. १८९९ मध्ये मुख्य इमारत उघडली, स्वान अँड मॅक्लॅरन कंपनीच्या बिडवेल नावाच्या वास्तुविशारदाची, तिच्यात पाचशे माणसं बसतील असा जेवणाचा हॉल आणि हॉटेलचं स्वतःचं जनरेटर लावून विजेचे दिवे. आपल्याकडे किती गावांत कंदील कधीपर्यंत होता ते आठवून पाहा. जाहिरातीच्या बाबतीत हे भाऊ पक्के होते. १८८९ मध्ये येऊन गेलेल्या एका इंग्रज लेखकानं लिहिलं की जेवायला रॅफल्सला जा अन् झोपायला दुसऱ्या हॉटेलात, तर यांनी त्यातलं जेवणापुरतं उचललं आणि झोपेचं गाळून टाकलं.

वाघाची गोष्ट सांगितल्याशिवाय आपल्या लोकांचं समाधान व्हायचं नाही. ऑगस्ट १९०२ मध्ये जवळच्या जनावरांच्या खेळातून एक वाघ सुटला अन् हॉटेलच्या बार आणि बिलियर्ड रूमच्या खाली जाऊन दबला. ती खोली खांबांवर उचललेली होती, खाली माणूस वाकून जाईल एवढी पोकळी, आपल्याकडे कोठाराखाली कुत्री बसतात तशी. रॅफल्स इन्स्टिट्यूशन शाळेच्या हेडमास्तरला बोलावलं, फिलिप्स त्याचं नाव, त्यानं अंधारात वाकून काही गोळ्या फुकट घालवल्या अन् शेवटी वाघ पडला. नंतर ही गोष्ट वाढत वाढत वाघ बिलियर्डच्या टेबलाखाली मारला इथपर्यंत गेली, पण तो टेबलाखाली नाही, खोलीखाली होता. टिपेश्वर-ताडोबाच्या बाजूचा माणूस तर म्हणेल की सर्कशीचा वाघ तो, त्यात काय एवढं!

हॉटेलचं पेय म्हणून जे जगभर गेलं ते सिंगापूर स्लिंग, १९१५ च्या सुमारास न्ग्याम तोंग बून नावाच्या बारमननं बनवलं. तोही बाहेरचाच, चीनच्या हैनान बेटाकडचा. जिन, चेरीची दारू, अननसाचा रस, रंग गुलाबी. त्या काळी बायकांनी चारचौघांत दारू घेणं बरं दिसायचं नाही, म्हणून सरबतासारखी दिसणारी दारू काढली असं सांगतात.

आता बुडायचं. टिग्रान अन् मार्टिन १९१२ मध्ये गेले, अवीत १९२३ मध्ये, राहिला अर्शाक. तो पेनांगला बसायचा, दिलदार माणूस म्हणून प्रसिद्ध, अडचणीतल्या गिऱ्हाइकाचं बिल सोडून द्यायचा म्हणतात, आणि तिथल्या हॉटेलच्या वाढीव बांधकामात त्यानं कर्ज काढून पैसा ओतला. या हॉटेलांचं खरं गिऱ्हाईक म्हणजे मलायातले रबराच्या मळ्यांवरचे गोरे साहेब, रबराला भाव असला की ते शहरात येऊन उधळायचे. मग अमेरिकेत मंदी आली, मोटारी खपेनात, टायर खपेना, रबर पडलं आणि हॉटेलच्या खोल्या रिकाम्या. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही, वऱ्हाडातल्या कापसालाही एकदा अमेरिकेतल्याच यादवी युद्धानं भाव चढवला होता अन् युद्ध संपताच उतरवलाही होता, आणि भाव उतरला की जिनिंगपासून चहावाल्याच्या उधारीच्या वहीपर्यंत सगळं एका रांगेत झोपतं. अर्शाक १९३१ मध्ये वारला आणि त्याच वर्षी सार्कीसांचं दिवाळं निघालं. १९३३ मध्ये रॅफल्स हॉटेल लिमिटेड अशी कंपनी झाली, म्हणजे हॉटेल वाचलं, घराणं नाही.

पुढचं थोडक्यात. १९४२ मध्ये जपान्यांनी सिंगापूर घेतलं तेव्हा हॉटेलचं नाव स्योनान र्योकान केलं होतं. ते येण्याआधी कामगारांनी मांस वाढायची चांदीची गाडी अंगणात पुरून ठेवली असं सांगतात. १९८७ मध्ये, म्हणजे शंभराव्या वर्षी, इमारत राष्ट्रीय स्मारक झाली, १९८९ ते १९९१ बंद ठेवून दुरुस्त केली, मग २०१७ नंतर पुन्हा एकदा, आणि २०१९ मध्ये परत उघडली. आता तिथं साध्या खोल्या नाहीत, सगळे सुइटच.

लाँग बार मात्र पाहण्यासारखा आहे. वर हातपंख्यासारखे पंखे एका ओळीत हलतात, टेबलावर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी ठेवतात, शेंगा फोडायच्या अन् टरफलं खाली जमिनीवर टाकायची, तीच तिथली पद्धत. बाहेर रस्त्यावर साधा कागद टाकला तरी दंड होतो, अन् इथं सुटाबुटातली माणसं टरफलं तुडवत बसतात, जत्रेतल्या आपल्या लोकांसारखीच.